पाच पत्ते आणि दोन कार्डं

जर्मनीत पाच वर्षं काढून परत आल्यावर नाशकात जो भेटला त्याने एकच प्रश्न विचारला, "काय काय पाहिलंस?" मी ऱ्हाइन नदी सांगतो, डोंगरावरचे किल्ले सांगतो, येनाचं तारांगण सांगतो. एक गाव मात्र गाळतो. त्या गावाला मी वर्षभरात अकरा वेळा गेलो होतो आणि बारावी खेप आईबाबांना घेऊन केली. गाव देखणं आहे, माणसं सभ्य आहेत, आणि तिथला आलुबुखारचा केक असा की आईने त्यात अंडं आहे का हे विचारायचं सोडून दिलं. तुम्हाला योग आला तर जरूर जा. माझ्या हातून तिथे जे झालं त्यात गावाचा काडीचाही दोष नाही, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.

येना, बुधवार

२००७चा उन्हाळा होता. मी येनाला ऑप्टिक्समध्ये पीएचडी करत होतो आणि आईबाबा दोन महिन्यांसाठी आले होते. बाबा रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर खानदेशातल्या लहान लहान स्टेशनांवर राहिले. जिथे गाडी यायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या शेळ्या हाकलाव्या लागतात अशा. आई त्यांच्यामागून संसार घेऊन फिरलेली. माझ्या विद्यार्थी-खोलीत ती दोघं पलंगावर आणि मी जमिनीवर, अशी आमची व्यवस्था होती. बाबा रोज सकाळी येना-वेस्ट स्टेशनवर जाऊन अर्धा तास गाड्या बघून यायचे. एकदा रिजनल गाडी तीन मिनिटं लेट आली तर घरी येऊन आईला इतक्या आनंदाने सांगितलं की जणू यांचाच सत्कार झाला होता.

त्यांना जर्मनीत एकच गोष्ट पाहायची होती. हार्त्सच्या डोंगरात अजून कोळशाच्या इंजिनाची छोटी गाडी धावते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात जाऊ." आधी मला त्या दुसऱ्या गावाला जायचं होतं.

आईने तिकिटावरचं नाव वाचलं आणि थबकली. "प्रसाद, गावाच्या नावातच बॅड लिहिलंय. मग कशाला जायचं?"

मी हसून सांगितलं, ते 'बाट' आहे, म्हणजे स्नान. जमिनीतून औषधी पाणी येतं, म्हातारी माणसं तिथे महिनाभर राहून पाणी पितात, बागेत फिरतात, संध्याकाळी बँड ऐकतात. आईला पटलं. गावात जुगाराचा कसिनोही आहे, हे मी तिला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं, पण तेही माझ्या पद्धतीने.

माझी पद्धत अशी. तिथे एका दालनात पोकरची यंत्रं होती. पडद्यावर पाच पत्ते येतात. हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, टाकलेल्यांच्या जागी नवे येतात आणि डाव संपतो. जोडी जमली, तिकडी जमली, एकाच रंगाचे पाच जमले की यंत्र पैसे देतं. बाकीच्या यंत्रांपुढे माणूस नुसता बटण दाबणारा असतो. इथे कोणते पत्ते ठेवायचे हे आपल्या हातात असतं, आणि प्रत्येक हाताला एकच बरोबर उत्तर असतं. ती सगळी उत्तरं मी प्रयोगशाळेतल्या संगणकावर काढून पाठ केली होती. बिनचूक खेळलं तर यंत्र घातलेलं जवळजवळ सगळं परत देतं. जी बारीक फट उरते ती पॉइंटांनी भरून निघते. प्रत्येक डावाला तुमच्या गेस्टेकार्टेवर, म्हणजे पाहुण्याच्या कार्डावर, पॉइंट चढतात, मग डाव जिंका की हरा. पुरेसे पॉइंट झाले की गावातल्या जुन्या कुरहोटेलात दोघांना दोन रात्री फुकट; कुर म्हणजे औषधी पाण्याचा उपचार. स्नान, जेवण, सगळ्यासकट.

कोणी विचारलं तर मी म्हणायचो, मी जुगार खेळत नाही, गणित करतो. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

तो वीकेंड मला आईबाबांना द्यायचा होता. ज्यांनी कधी हॉटेलात रात्र काढली नाही, लग्नाकार्याला गेले तर हॉलच्या गादीवर झोपले, त्यांना पांढऱ्या चादरींच्या पलंगावर झोपवायचं, असं माझं स्वप्न होतं. योजना ऑगस्टअखेर बंद होणार होती आणि मला आणखी दोन दिवसांच्या खेळाइतके पॉइंट हवे होते.

कुरगाव, शुक्रवार

गुरुवारी पोचलो आणि एका विधवा बाईच्या पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये उतरलो. शुक्रवारी सकाळी आईबाबांना आधी पाणी प्यायला नेलं. बागेच्या मधोमध खांबांची इमारत, आत संगमरवरी कट्टा, आणि पांढऱ्या एप्रनमधली बाई काचेच्या पेल्यात कोमट पाणी भरून देते. लोहाचं आणि गंधकाचं. आईने एक घोट घेऊन पदर तोंडाला लावला. बाबांनी मात्र पेला संपवला, मिशा पुसल्या आणि निकाल दिला, "इंजिनात भरायचो ते पाणी असंच लागायचं." पुढचे तीन दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ ते पाणी प्यायलं. आपल्याकडे अशा झऱ्याला देऊळ झालं असतं, नारळ फुटले असते, बाहेर चपलांचा ढीग पडला असता. इथे फक्त पेले परत ठेवायची फळी होती आणि प्रत्येकजण आपला पेला नेमका तिथेच ठेवत होता. बाबांना ही शिस्त फार आवडली.

दुपारी आईला बागेत बँडसमोर बसवलं. तिने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, शेजारच्या आजींना देऊ केली, आणि खुणांनी दोघींचं छान जमलं. बाबांना घेऊन मी कसिनोत गेलो.

जर्मनीत त्याला श्पीलबांक म्हणतात, खेळाची बँक. बाबा हा शब्द ऐकून खूश झाले, कारण बँक म्हटल्यावर त्यात काही वावगं असणार नाही. मुख्य दालनात टाय लागतो, यंत्रांच्या दालनात लागत नाही. बाबा तरी ताईच्या लग्नातला कोट घालून आले होते, आणि डोक्यावर येनाच्या जुन्या बाजारात घेतलेली करड्या रंगाची टोपी. दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. बाबांचा पासपोर्ट शर्टाच्या आत, कमरेला बांधलेल्या कापडी पिशवीत. तो काढायला त्यांनी भर दारात कोट काढला, शर्ट वर केला, नाडी सोडली. मागे रांग लागली. दारावरचे अधिकारी, हेर म्हणजे श्रीयुत कोल्ब, छताकडे बघत शांत उभे राहिले.

माझ्या नेहमीच्या यंत्राशेजारी फ्राउ वेंट, म्हणजे वेंटबाई, बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, मोत्यांची माळ, आणि पर्समध्ये कायम पेपरमिंटच्या गोळ्या. अकरा खेपांत आमची ओळख झाली होती.

"तुमचे वडील?" त्यांनी विचारलं.

"या, माइन फाटर," मी म्हणालो.

त्यांनी आमच्या दोघांच्या नाकांकडे पाहिलं. "ते दिसतंच आहे," म्हणाल्या आणि बाबांना एक गोळी दिली.

मी बाबांना माझ्या यंत्रापुढे बसवलं. सोपं आहे, म्हटलं. जे चांगले पत्ते आहेत ते बघा, खालची बटणं दाबा, मी कॉफी घेऊन येतो. परत आलो तेव्हा बाबांच्या पडद्यावर चार राण्या आल्या होत्या. चार राण्या आणि एक तिर्री. असा हात मला दिवसेंदिवस येत नसे. मी काही बोलायच्या आत बाबांनी ठामपणे तिर्रीखालचं बटण दाबलं आणि डाव पुढे ढकलला. चारही राण्या गेल्या. तिर्री राहिली.

"बाबा! काय केलंत?"

"काय केलं? तिर्री उतरवली."

"उतरवली नाही, ठेवलीत! बटणावर हाल्ट लिहिलंय. म्हणजे हा पत्ता ठेवा."

बाबांनी बटणाकडे पाहिलं. "हॉल्ट म्हणजे ठेवा कसं? हॉल्टला गाडी थांबते, पॅसेंजर उतरतो, गाडी पुढे जाते. मी म्हटलं, नको तो पत्ता इथे उतरतो."

आज हे लिहिताना मला हसू येतं. त्यांचं बोलणं त्यांच्या जागी अगदी बरोबर होतं. मी कॉफी घेऊन येईपर्यंत त्यांनी पंधरा-वीस डाव याच नियमाने, कुठेही न चुकता उलटे खेळले होते. तेव्हा मी हसलो नाही. "एक साधं बटण तुम्हाला कळू नये?" असं मी मोठ्याने म्हणालो. फ्राउ वेंटना मराठी येत नव्हतं, पण आवाज कळतो. बाबा उठले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "तू बस. मी हिच्याकडे बँड ऐकतो."

मी बसलो. संध्याकाळपर्यंत खेळलो. त्या तीन तासांत बागेत बँड कोणत्या सुरावटी वाजवत होता ते मला नंतर आईने सांगितलं.

शनिवार

दुपारी बारापर्यंत हिशेब स्पष्ट झाला. एका यंत्रावर बसून पॉइंट पुरे होणार नव्हते. आणि माझ्याकडे एक युक्ती होती.

हिवाळ्यात माझं कार्ड हरवलं होतं. मी काउंटरवर सांगितलं, त्यांनी नवं दिलं. मग मार्चमध्ये जुनं कार्ड जॅकेटच्या फाटक्या अस्तरात सापडलं. दोन्ही कार्डं एकाच खात्याची. मी एका यंत्रावर, बाबा दुसऱ्यावर, पॉइंट दुप्पट. कार्ड दुसऱ्याला वापरायला देऊ नये असं त्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं आणि बारीक अक्षरांतलं आहे म्हणून सोडून दिलं होतं.

बाबांची समजूत काढावी लागली नाही, हेच मनाला जास्त लागतं. "येऊ का मी? कालचं बटण आता कळलंय मला," असं तेच म्हणाले. पेन्शनच्या न्याहारीच्या कागदामागे मी त्यांना मराठीत नियम लिहून दिले. जोडी आली तर जोडी ठेवा. एकाच रंगाचे चार आले तर पाचवा टाका. काहीच नसेल तर राजा, राणी, गुलाम यांच्यातलं कोणी ठेवा. बाबांनी तो कागद खिशाला पेन लावून ठेवतात तसा ठेवला. आणि काय सांगू, ते सुरेख खेळले. नियम लिहून दिला की रेल्वेची माणसं चुकत नाहीत. मी अधूनमधून मान वळवून पाहत होतो. प्रत्येक हाताला ते आधी कागद बघत, मग पडदा, मग बटण. एकदा माझ्याकडे बघून त्यांनी हिरवा झेंडा दाखवल्यासारखा हात केला. लहानपणी मला प्लॅटफॉर्मवर उभं करून ते असाच हात करायचे.

एकच खातं एकाच वेळी दोन यंत्रांवर चालू आहे, हे कुठल्यातरी संगणकाला दिसणार, इतकी साधी गोष्ट संगणकावर रात्रंदिवस काम करणाऱ्या मला सुचली नाही.

चारच्या सुमाराला हेर कोल्ब आले. आधी बाबांपाशी गेले. वाकून, अत्यंत नम्रपणे त्यांनी यंत्रातलं कार्ड काढलं आणि त्यावरचं नाव वाचलं. माझं पूर्ण नाव प्रसाद वसंत पिंपळनेरकर. आपलं मधलं नाव बापाचं असतं हे जर्मन माणसाला ठाऊक नसतं. त्यांना ती दोन नावं वाटतात, आपल्याला हौसेने ठेवलेली. आडनावाला जीभ अडखळते म्हणून तिथे सगळे मला पहिल्या दोन नावांनी हाक मारायचे. हेर कोल्ब बाबांना म्हणाले, "हेर प्रसाद वासांट?"

बाबांनी त्यातलं 'वसंत' तेवढं ऐकलं. ते उभे राहिले, टोपी काढून यंत्रावर ठेवली, छातीवर हात ठेवला आणि सहा आठवड्यांत शिकलेल्या मोजक्या शब्दांपैकी दोन वापरले.

"या, या. इश वसंत."

म्हणजे, हो, हो, मी वसंत. परदेशातला अधिकारी आपलं नाव घेतोय याचा त्यांना आनंद झाला होता.

हेर कोल्बनी कार्डाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते मला ओळखत होते. दोन पावलं टाकून माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, हे कार्ड तुमच्या नावाचं आहे आणि हे गृहस्थ म्हणतात की ते त्यांचं आहे. हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?

माझ्या पडद्यावर त्या क्षणी पॉइंटांचा आकडा होता. तासाभराचा खेळ बाकी होता. खरं सांगितलं तर खातं बंद, वर्षाचे पॉइंट गेले, पांढऱ्या चादरी गेल्या. हे सगळं मी नंतर जुळवलंय. तेव्हा मी काही विचारच केला नाही.

"नाइन," मी म्हणालो. म्हणजे नाही.

आणि वर पुस्ती जोडली. माझं एक कार्ड हिवाळ्यात हरवलं होतं, तुमच्याकडे नोंद आहे. यांना ते सापडलं असावं.

बाबा माझ्याकडे हसून बघत होते. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय आणि मुलगा बघून घेतोय, असं ते हसू होतं. हेर कोल्बनी त्यांना हाताने दाराची दिशा दाखवली. बाबांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, जाऊ का? मी पडद्याकडे पाहिलं. ते गेले.

दहा मिनिटांनी हेर कोल्ब परत आले तेव्हा त्यांच्या हातात बाबांचा पासपोर्ट होता.

"पिंपळनेरकर," त्यांनी एकेक अक्षर सावकाश उच्चारलं. "हे आडनाव तुमच्याकडे सर्रास असतं वाटतं?"

आमच्या नात्याबाहेरचा पिंपळनेरकर मला आजवर भेटलेला नाही. "हो," मी म्हणालो. "तुमच्या म्युलरसारखं."

"आणि वासांट?"

"तेही सर्रास."

"आखझो, असं होय," हेर कोल्ब म्हणाले. ते आणखी क्षणभर उभे राहिले. मला वाटतं, ते मला वेळ देत होते. मग त्यांनी जुनं कार्ड आपल्या खिशात टाकलं आणि वळून गेले.

मी पत्ते बघत राहिलो. कुठले पत्ते होते ते आठवत नाही. थोड्या वेळाने शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. फ्राउ वेंटनी पर्स उचलली होती. बाबांच्या यंत्रावरची टोपी त्यांनी घेतली आणि माझ्यापुढे ठेवली.

"तुमचे वडील टोपी विसरले," त्या म्हणाल्या.

गोळी त्यांनी दिली नाही. दालनाच्या पार दुसऱ्या टोकाच्या यंत्रावर जाऊन बसल्या.

मी तेव्हा उठायला हवं होतं. मी उठलो नाही. तास पुरा केला, पॉइंट पुरे केले, काउंटरवर जाऊन हॉटेलचं पाकीट घेतलं, आणि मग टोपी घेऊन बाहेर आलो. ते 'नाइन' एका झटक्यात तोंडातून गेलं असं मी स्वतःला कितीदा समजावतो. पण तो पुढचा तास झटक्यात गेला नव्हता. तो मी एकेक डाव करून खेळलो होतो.

बाबा बाहेर बाकावर उन्हात बसले होते. मांडीवर एक कागद, घडी न घालता.

"चांगला माणूस रे," ते म्हणाले. "कॉफी दिली. माझी सही घेतली. हा कागद दिला. तू काय सांगितलंस त्याला?"

कागदावर बाबांचं पूर्ण नाव होतं. खाली लिहिलं होतं की या व्यक्तीने सापडलेलं कार्ड स्वतःचं म्हणून वापरलं, म्हणून तिला या वास्तूत दोन वर्षं प्रवेश नाही. कारणाच्या चौकटीत एक लांबलचक शब्द टाइप केलेला होता: फुंडउंटरश्लागुंग. सापडलेली वस्तू ढापणं. कायद्यातला शब्द आहे तो. त्याखाली बाबांची सही, स्टेशनच्या रजिस्टरात करायचे तशी, शेवटी दोन टिंबांची.

"मी सांगितलं," मी म्हणालो, "की तुम्हाला माझं हरवलेलं कार्ड सापडलं आणि तुम्ही ते परत करायला आलात."

"अच्छा!" बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे पावती आहे ही."

कुरहोटेल, रविवार

हॉटेल माझ्या स्वप्नात होतं तसंच निघालं. पांढऱ्या चादरी, उशीवर चॉकलेट, खिडकीखाली कारंजं. आईने न्हाणीघरातला टॉवेल उचलून पाहिला आणि म्हणाली, "किती जड! वाळत घालणाऱ्या बाईचे हात मोडत असतील." बाबा पांढरा झगा घालून गंधकाच्या तलावाला जाऊन आले आणि न्यायाधीशासारखे गॅलरीत बसले. पाकीट दोघांचं होतं, त्यामुळे मी पेन्शनमध्येच राहत होतो आणि दुपारी त्यांच्याकडे कॉफीला आलो होतो. आलुबुखारचा केक आला. जर्मन माणसं रविवारी दुपारी केक खातात म्हणजे खातातच; पूर्ण बाग कपबशांच्या आवाजाने भरलेली होती. मी माझी बशी आईकडे सरकवली.

"अगं, तो कागद दाखव ना त्याला," बाबा आईला म्हणाले. "मला शब्दन् शब्द ऐकायचाय."

आईने चष्म्याच्या डबीतून कागद काढला. "अहो, त्याने कालच पाहिलाय की. पण वाच रे, मलाही ऐकू दे."

मी वाचला. कागद दोन्ही हातांत धरून, ओळीवर बोट ठेवत. श्री. वसंत नरहर पिंपळनेरकर यांना सापडलेलं कार्ड त्यांनी प्रामाणिकपणे परत केलं, त्याबद्दल ही संस्था त्यांची आभारी आहे. तोंडातून वाक्यं सुबक येत होती. 'फुंडउंटरश्लागुंग'वर बोट आलं तेव्हा बाबांनी विचारलं, "हा केवढा मोठा शब्द! याचा काय अर्थ?"

"सापडलेल्या वस्तूची नोंद," मी म्हणालो.

"बरोबर. आपलं लॉस्ट प्रॉपर्टी रजिस्टर." ते आईकडे वळले. "पाचोऱ्याला असताना त्या शेठजींची ट्रंक सापडली होती, आठवतं? सोन्यासकट परत केली. रेल्वेने साधं पत्र दिलं नाही. आणि हे बघ."

मी त्यांना तिथे, त्या क्षणी, सगळं सांगू शकलो असतो. ते रागावले असते, कदाचित एक रात्र बोलले नसते, आणि मग आम्ही तिघं येनाला परत गेलो असतो आणि हार्त्सची गाडीही पाहिली असती. पण त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मला वाटलं, कशाला मोडायचं. असं मी म्हणायचो. खरं कारण एवढंच की मला लाज वाटत होती, आणि लाज लपवायला त्यांचा आनंद बरा आडोसा मिळाला.

हार्त्सला जाणं झालं नाही. सप्टेंबरात प्रयोगशाळेत काम निघालं आणि आईबाबांचं विमान आलं. तो कागद बाबांनी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून, हातातल्या बॅगेतून नेला. त्या गावाला मी नंतर कधी गेलो नाही. पत्त्यांची उत्तरं मात्र अजून पाठ आहेत. ती विसरता येत नाहीत.

नाशिक, त्यानंतर दोन वर्षांनी

पीएचडी संपवून मी घरी आलो. पहिल्याच सकाळी चहा घेताना बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर एक नवा खिळा दिसला. चांगला मोठा, पितळी. त्यावर काहीच टांगलेलं नव्हतं.

"हा कशाला ठोकलाय?" मी आईला विचारलं.

"अरे, तो तुमच्या जर्मनीच्या कागदासाठी. तिकडून आल्यावर ह्यांना फ्रेम करायचा होता. पेन्शनर मंडळींना सगळ्यांना सांगून झालं होतं. फ्रेमवाल्याकडे नेण्याआधी म्हणाले, शेजारच्या मीनलला दाखवतो, ती क्लासला जाऊन जर्मन शिकते, तिलाही वाचायला मजा येईल." आई बशीतला चहा फुंकत होती. "ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली. म्हणाली, काका, हे काहीतरी वेगळंच आहे. मग मी भाजी चिरायला आत गेले. बाहेर आले तर ती गेली होती आणि हे कागदाची घडी घालत होते. म्हणाले, फ्रेम नको, काच फुटते. तेव्हापासून कागद कपाटात आहे."

बाबा गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. दार उघडं होतं.

"काय लिहिलं होतं रे त्यात?" आईने विचारलं. "तूच तर वाचून दाखवला होतास."

मी कप खाली ठेवला. या वेळी मी सांगणार होतो. निदान मला तसं वाटतं. पण उत्तर गॅलरीतून आलं.

"प्रसादने वाचलं तेच लिहिलंय," बाबा म्हणाले. "मीनल अजून शिकतेय."